हॅम रेडिओच्या ४० मीटर बँडवर सकाळी नऊपासून रात्रीपर्यंत एस-९ नॉईज, घराखालीच यंत्रमाग आहेत, कुठून सुरुवात करू?

वडगाव_४०मीटर

नमस्कार सगळ्यांना. मी बेळगावात वडगावला राहते. हॅम रेडिओची रिस्ट्रिक्टेड ग्रेडची परीक्षा पास होऊन व्हीयू३ कॉलसाईन (स्टेशनची ओळख) मिळालाय, रविवारच्या २ मीटर नेटवर (ठरल्या वेळी सगळे रेडिओवर जमतात तिथं) बऱ्याच जणांनी मला ऐकलं असेल. आता एचएफ (लांब पल्ल्याचे बँड, त्यातला ४० मीटर म्हणजे ७ मेगाहर्ट्झ) सुरू केलंय. क्लबातल्या एका काकांकडून जुना सेट घेतलाय, शिवाय बिटएक्स ह्या घरी जोडायच्या सेटच्या सर्किटवरून ४० मीटरचा एक रिसिव्हर मी स्वतः जोडलाय. अँटेना म्हणजे साधा इन्व्हर्टेड व्ही (मध्ये उंच, टोकं खाली असा तारेचा डायपोल), दोन्ही बाजूला १०-१० मीटर तार, स्लॅबवर जीआय पाईप उभा करून मधला भाग २० फुटांवर घेतलाय, तिथून आरजी-५८ केबल खाली माझ्या खोलीत, २० मीटर तरी भरेल. ७.१ मेगाहर्ट्झला एसडब्ल्यूआर (अँटेनाकडून परत येणाऱ्या पॉवरचं माप) दीडच्या आत आहे, म्हणजे अँटेना ठीक.

आता प्रॉब्लेम. सकाळी सहा-सातला बँड एकदम मस्त असतो, पुणे, गोवा, बेंगळुरू, कधीकधी केरळची स्टेशनं पण स्वच्छ येतात. नऊ वाजले की जो घर्रर्र आवाज सुरू होतो तो रात्री दहा-अकरापर्यंत थांबतच नाही, सिग्नलचा जोर दाखवणारा मीटर एस-९ ला चिकटलेला. आमच्या घरात खाली माग आहेत, शेजारच्या अण्णांकडे आहेत, मागच्या गल्लीत तर घरटी आहेत, त्यामुळे जो येतो तो म्हणतो माग आहेत म्हणजे नॉईज येणारच, एचएफचा नाद सोड. पण रविवारी दुपारी सगळे माग बंद असतात तरी नॉईज तेवढाच असतो, म्हणून मला हे काही पटेना झालंय.

आरजी-२१३ ही जाड केबल घालू का? गच्चीवरून वेगळी अर्थिंग खाली आणू का? ऑनलाईन नॉईज कॅन्सलर मिळतो तो घेऊ का? एवढे पैसे एकदम घालायचे तर बाबांना नीट समजावून सांगावं लागेल म्हणून आधी इथे विचारालोय.

टिळकवाडी_तात्या

अगं आधी एक रुपयाही खर्च करू नकोस. रविवारी माग बंद असताना पण नॉईज असतो हे तू स्वतः बघितलंस ना, मग अर्धं काम तिथंच झालं की. आता उरलेलं क्रमानं कर.

पहिलं, नॉईज चालू असताना सेटच्या मागचा अँटेनाचा प्लग काढ. आवाज एकदम पडला तर नॉईज अँटेनातून येतोय, सेट चांगला आहे. पडला नाही तर सेटच्या पॉवर सप्लायवर संशय घ्यायचा. तुझ्याकडे दोन रिसिव्हर आहेत, दोन्हीवर करून बघ.

दुसरं म्हणजे खरी परीक्षा. स्कूटरची नाहीतर यूपीएसमधली १२ व्होल्टची बॅटरी घे, तुझा तो घरी जोडलेला रिसिव्हर त्यावर चालव, आणि घरच्यांना सांगून पाच मिनिटं मेन स्विच पाड. इन्व्हर्टर असेल तर तोही बंद, नुसता मेन पाडून इन्व्हर्टर चालू राहिला तर काही कळणार नाही. मेन पाडल्यावर नॉईज गेला तर चोर घरातच आहे. मग एकेक एमसीबी वर करत जा, ज्या एमसीबीला आवाज आला त्या लाईनवरच्या वस्तू एकेक करून सुरू कर. एक जण स्विचपाशी, एक जण हेडफोन लावून, आणि कागदावर लिहून ठेवायचं. दोन-तीन चोर असतात आणि मोठा सापडेपर्यंत लहान ऐकूच येत नाहीत, त्यामुळे एक सापडला म्हणून थांबू नकोस, परत सुरुवातीपासून कर.

गल्लीतली लाईट जाते तेव्हा तर सेटवर बसच. सगळ्या गल्लीचा नॉईज बंद असताना तुझ्या जागेचा बँड किती शांत असू शकतो ते कळतं, आणि तोच आकडा पुढं धरायचा असतो. आवाजावरूनही अंदाज येतो. मोबाईल चार्जर, अडॅप्टर, एलईडी ड्रायव्हर हे सगळे स्विचिंगचे, डायल फिरवताना ठरावीक अंतरानं भुणभुण वाढते कमी होते आणि थोडी सरकत पण राहते. खांबावरच्या ठिणगीचा आवाज वेगळा, १०० हर्ट्झचा खरखरीत घर्र, सगळ्या बँडवर सारखाच पसरलेला.

केबल राहू दे. ७ मेगाहर्ट्झला २० मीटर आरजी-५८ मध्ये एक डीबीसुद्धा (डेसिबल, पॉवरच्या फरकाचं माप) जात नाही. १४५ मेगाहर्ट्झला, म्हणजे २ मीटरवर, मात्र त्याच केबलमध्ये निम्म्याहून जास्त पॉवर जाते, म्हणून २ मीटरच्या अँटेनाला जाड केबल लागते, तिथं खर्च कर. आणि नॉईज कॅन्सलर हे शेवटचं औषध, त्याला नॉईज ऐकायला वेगळी अँटेना लागते, एका वेळी एकाच दिशेचा नॉईज तो मारतो, तुझ्याकडे चार चोर असतील तर नॉब फिरवत बसशील नुसती.

उद्यमबाग_फिटर

तात्यांशी सहमत. मागाबद्दल थोडं सांगतो कारण माझं रोजचं काम मोटारींचंच आहे. मागाला जी मोटार असते ती इंडक्शन मोटार, तिच्यात ब्रश नसतात, कॉम्युटेटर नसतो, त्यामुळे चालू असताना ती रेडिओला फारसा त्रास देत नाही. त्रास देते ती आजूबाजूची वायरिंग. स्टार्टरचे जळलेले काँटॅक्ट, ढिले टर्मिनल, वर्षानुवर्षं सुताची धूळ बसलेला बोर्ड, आणि अलीकडं बसवलेल्या स्वस्तातल्या एलईडी ट्यूब. ब्रशवाल्या मोटारी म्हणजे मिक्सर, ड्रिल, शिलाई मशीनची मोटार, ह्या आवाज करतात पण तेवढ्यापुरत्या. कुणी स्पीड कमीजास्त करायला व्हीएफडी ड्राईव्ह बसवला असेल तर मात्र गोष्ट वेगळी, तो लई वाईट नॉईज सोडतो, मोटारीपर्यंतची वायर लांब असेल तर ती वायरच अँटेना होऊन बसते.

ढिले टर्मिनल दिसले तर रेडिओसाठी म्हणून नाही, आगीसाठी म्हणून लगेच कसून घ्या. सूत असलेल्या खोलीत ठिणगी म्हणजे चेष्टा नाही. आणि हे काम मेन बंद करून वायरमनकडूनच करून घ्या.

अर्थिंगचं मला वाटतं एक रॉड वेगळा ठोकून बघायला हरकत नाही, जमीन ओली असली की फरक पडतो.

खानापूर_क्यूआरपी

फिटरभाऊ, अर्थिंगबद्दल माझं मत वेगळं आहे. सेट वरच्या मजल्यावर आणि रॉड खाली अंगणात, मधली वायर आठ-दहा मीटर, म्हणजे ७ मेगाहर्ट्झला जवळपास पाव वेव्हलेंग्थ. सेटच्या टोकाला ती अर्थ म्हणून कामच करत नाही, उलट घरातला नॉईज उचलून सेटपर्यंत आणणारी अजून एक तार होते. डायपोलला तशीही अर्थ लागत नाही. वीज पडण्यासाठीची अर्थिंग हा वेगळा विषय, ती हवीच, पण नॉईजसाठी म्हणून तिच्या मागं लागू नये. आणि घरच्या थ्री पिन सॉकेटची अर्थ नॉईज येतो म्हणून कधी काढायची नाही, ती जिवासाठी असते.

ताई, तुमच्या डायपोलची एक बाजू कुठून जाते ते लिहिलं नाही तुम्ही. तारेचं टोक मागाच्या पत्र्याच्या शेडवरून नाहीतर सर्व्हिस वायरच्या बाजूनं जात असेल तर ती बाजू वळवा, इन्व्हर्टेड व्ही चे दोन पाय अगदी सरळ रेषेत नसले तरी चालतं. फक्त लाईटच्या तारांपासून एवढं लांब ठेवा की तुमची तार तुटून पडली तरी तिथवर पोचायला नको. खाली व्हर्टिकल (उभा अँटेना) लावायचा विचार मात्र करू नका, जवळचा नॉईज व्हर्टिकलमध्ये जास्त शिरतो.

अजून एक प्रयोग स्वस्तातला आहे, फक्त ऐकण्यासाठी लूप. एक मीटर व्यासाचा गोल, पीव्हीसी पाईपच्या क्रॉसवर बांधलेला, उभा ठेवायचा, ट्यूनिंगला जुन्या ट्रान्झिस्टरमधला गँग कंडेन्सर. लूपच्या सपाट बाजूकडून येणारा आवाज एकदम पडतो. शेजारचा नॉईज आडवा एकाच दिशेनं येतो तो असा मारता येतो, आणि पुण्या-गोव्याचे सिग्नल ४० मीटरवर वरून आभाळातून खाली येतात त्यामुळे ते तसेच राहतात. लूपवर ट्रान्समिट मात्र करू नका.

आमच्याकडं जांबोटीच्या बाजूला रानात बसलं की दुपारीसुद्धा मीटर एस-२ च्या वर जात नाही. पुढच्या आयबॉलला (हॅम मंडळींच्या प्रत्यक्ष भेटीला) बॅटरी आणि तार घेऊन या सगळे, नवीन पोरांनी शांत बँड एकदा कानानं ऐकला पाहिजे, त्याशिवाय घरी काय हुकतंय ते समजत नाही.

वडगाव_४०मीटर

तात्या, सांगितलं तसं केलं, भाऊ स्विचपाशी आणि मी हेडफोन लावून. लिहून ठेवलेलं सगळं देते.

अँटेना काढली की दोन्ही सेट गप्प, म्हणजे सेट ठीक. मेन आणि इन्व्हर्टर दोन्ही बंद केल्यावर मीटर एस-९ वरून एस-४ वर आला!! (मीटरसाठी तो जुना सेट पण थोडा वेळ बॅटरीवर चालवला.) मला खरंच वाटलं नव्हतं एवढा फरक पडेल म्हणून. मग एकेक एमसीबी. सगळ्यात मोठा चोर म्हणजे फायबर इंटरनेटच्या डब्याचा अडॅप्टर, तो एकटा लावला की सरळ एस-९. आणि सकाळी नऊचं कोडंपण सुटलं, आई रात्री झोपताना तो डबा बटणावरून बंद करते आणि भावाचं काम नऊला सुरू होतं तेव्हा तो परत लावतो. दुसरा चोर स्वयंपाकघरातला एक एलईडी बल्ब, त्याच कंपनीचा दुसरा बल्ब हॉलमध्ये आहे तो मात्र काहीच करत नाही. तिसरा इन्व्हर्टर, तो पण फक्त लाईट येऊन बॅटरी चार्ज होत असताना.

मग बाबांना सांगून माग सुरू करून बघितले. सुरू होताना हेडफोनमध्ये एक कट्ट वाजतं, पुढं काही नाही, मीटर हलत पण नाही. बाबा लई खूश झाले, म्हणाले बघ, उगाच मागाला नावं ठेवत होते सगळे.

आता विचारायचंय ते असं, अडॅप्टर बंद ठेवता येत नाही, भावाचं काम त्यावर आहे. नॉईज अडवायला वायरीवर फेराइट लावायचे म्हणतात, ऑनलाईन क्लिप-ऑन मिळतात ते घेऊ का, की अजून काही? डायपोलचा पाय शेडवरूनच जातो, तो वळवते.

निपाणी_टीव्हीवाला

ताई हे वाचून बरं वाटलं, असं लिहून ठेवणारी मंडळी कमी.

क्लिप-ऑन फेराइट वायरीवर एकदा नुसता अडकवून ७ मेगाहर्ट्झला फार काही होत नाही. फेरे हवेत. फेऱ्यांच्या वर्गानं इंपीडन्स (नॉईजला होणारा अडथळा) वाढतो, पाच फेरे म्हणजे एका फेऱ्याच्या जवळपास पंचवीस पट. म्हणून मोठ्या भोकाची रिंग घ्यायची आणि अडॅप्टरची डीसी वायर आणि २३० ची वायर, दोन्ही बाजूला वेगवेगळ्या रिंगवर आठ-दहा फेरे, अडॅप्टरच्या अगदी जवळ. विकत घ्यायचं तर ३१ नाहीतर ४३ मिक्स (फेराइटचा प्रकार) मागायचं, महाग आहे पण एकदा घेतलं की जन्मभर चालतं.

जुन्या मालातून पण होतं. माझ्याकडं दुकानात पिक्चर ट्यूबवाल्या टीव्हीचे बोर्ड पडून आहेत, त्यांच्या मेन इनपुटला जो लाईन फिल्टर असतो, एकाच फेराइटवर दोन वाइंडिंगवाला, तो अडॅप्टरच्या आधी २३० च्या लाईनला घालता येतो, नीट डब्यात बंद करून. टीव्हीच्या योकचा (पिक्चर ट्यूबच्या मानेवरच्या कॉईलचा) फेराइट पण कामाला येतो. एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा, कॉम्प्युटरच्या एसएमपीएसमधली (पॉवर सप्लायमधली) पिवळी-पांढरी रिंग घेऊ नका, ती फेराइट नसते, लोखंडाच्या पावडरची असते, ह्या कामाला तिचा काही उपयोग नाही आणि दिसायला तीच सगळ्यात जास्त मिळते म्हणून लोक फसतात. शंका असेल तर क्लबाच्या पेटीतला नॅनो-व्हीएनए (इंपीडन्स मोजायचं छोटं यंत्र) मागून घ्या, रिंगवर आठ-दहा फेरे घालून ७ मेगाहर्ट्झला इंपीडन्स मोजायचा, हजार ओहमच्या वर दिसला तर ठेवायची, शंभर-दोनशे असेल तर टाकून द्यायची.

पण तुमच्या जागी मी असतो तर अडॅप्टरच बदलला असता. डब्यावर १२ व्होल्ट १ अँपिअर लिहिलं असेल तर लोखंडी कोअरचा ०-१५ व्होल्ट २ अँपिअरचा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज रेक्टिफायर, ४७०० मायक्रोफॅरड ३५ व्होल्टचा कंडेन्सर आणि ७८१२ (१२ व्होल्ट स्थिर ठेवणारी आयसी). ७८१२ ला मोठी हीटसिंक लागेल, सहा-सात वॅट उष्णता निघते. प्रायमरीला फ्यूज घाला, डबा पत्र्याचा घेतला तर त्याला अर्थ द्या. त्यात स्विचिंगच नाही त्यामुळे नॉईज करायला काही उरतच नाही. वजनाला जड होईल, होऊ दे.

तिसरं काम केबलचं. अँटेनाच्या फीडपॉईंटला (केबल तारेला जोडते तिथं) आरजी-५८ चेच दहा-बारा फेरे मोठ्या ४३ रिंगवर घाला. घरातला नॉईज केबलच्या बाहेरच्या जाळीवरून वर चढून डायपोलमध्ये शिरतो तो तिथं अडतो. दुसरा तसाच चोक केबल खोलीत शिरते तिथं घातला तर अजून चांगलं.

बल्ब तर सरळ बदला. दुकानात जाताना खिशात मिडियमवेव्हचा ट्रान्झिस्टर न्यायचा, धारवाड आकाशवाणीचं ७६५ सोडून रिकाम्या जागी काटा ठेवायचा आणि पेटलेल्या बल्बजवळ धरायचा. घुमला तर तो बल्ब नको. आमच्याकडं निपाणीत दुकानदारांना आता सवय झालीय.

वडगाव_४०मीटर

काका, ट्रान्सफॉर्मरवाला सप्लाय करून बसवला. बल्ब बदलला, डायपोलचा पाय शेडवरून काढून बोळाच्या बाजूला घेतला, फीडपॉईंटला चोक घातला. आता संध्याकाळी एस-५, क्वचित एस-६. काल रात्री आठला कोल्हापूरच्या स्टेशनशी स्वच्छ बोलले आणि मग मेंगळुरूचे एक काका आले, त्यांच्याशी निम्मं कानडीत निम्मं हिंदीत झालं. इन्व्हर्टरचं काम बाकी आहे.

एक राहिलंय. जे दिवस कोरडे आणि वाऱ्याचे असतात तेव्हा तो दुसरा आवाज येतो, तात्यांनी सांगितलेला खरखरीत घर्र. मेन पाडला तरी जात नाही. परवा वळवाचा शिडकावा झाला त्यानंतर दोन तास बंद होता, मग परत सुरू.

टिळकवाडी_तात्या

शाब्बास. एस-९ वरून एस-६ म्हणजे १८ डीबी. समोरच्यानं आपली पॉवर साठ पटीनं वाढवली असती तर जेवढं बरं ऐकू आलं असतं तेवढं तू एक अडॅप्टर, एक बल्ब आणि थोड्या तारेवर मिळवलंस. नवीन मंडळींनी लिनियर (पॉवर वाढवणारा अँप्लिफायर) घ्यायच्या आधी हा हिशोब बघावा असं मला मनापासून वाटतं.

आता हा जो राहिलाय तो खांबावरचा आहे. कोरड्या हवेत ढिल्या क्लॅम्पवर नाहीतर तडकलेल्या इन्सुलेटरवर ठिणगी पडत राहते, पाऊस पडला की ओल्यानं ती फट जोडली जाते, वाळलं की परत. ट्रान्झिस्टर घेऊन गल्लीत फीर. आत फेराइटची कांडी आडवी असते, कांडीचं टोक नॉईजच्या दिशेला आलं की आवाज सगळ्यात कमी होतो, त्यावरून रेषा धरायची, दोन-तीन ठिकाणांहून धरली की खांब कळतो. मिडियमवेव्हचा नॉईज तारांवरून लांबपर्यंत पळतो त्यामुळे कधीकधी चार खांबांवर सारखाच येतो. मग फॉक्स हंटिंगसाठी (लपवलेला ट्रान्समीटर शोधायच्या खेळासाठी) पोरांनी मेजरिंग टेपच्या पट्ट्यांचा जो यागी (एका दिशेनं ऐकणारा अँटेना) केलाय तो आणायचा आणि १४५ ला एएम मोडवर ऐकायचं. एफएमचा हँडी (हातातला सेट) चालणार नाही, एफएम असला नॉईज कापून टाकतो. जितकी फ्रिक्वेन्सी वर तितकं खांबाच्या जवळ गेल्याशिवाय ऐकू येत नाही, म्हणून नेमका खांब सापडतो.

सापडला की खांबाला हात लावायचा नाही, काठीनं वाजवून बघायचं नाही, ताण दिलेली तार हलवायची नाही. खांबाचा नंबर लिहून घे, मोबाईलवर आवाज रेकॉर्ड कर आणि लाईनमनला "रेडिओला त्रास होतो" असं सांगू नकोस, "ह्या नंबरच्या खांबावर ठिणगी पडालीय, क्लॅम्प बघा" असं सांग. ठिणगी म्हटलं की ते येतात, ते त्यांचंच काम आहे. कानडीत लेखी अर्ज लागला तर मी लिहून देतो. शेजारच्या अण्णांना पण सोबत घे, गल्लीतलं कुणीतरी मोठं माणूस बरोबर असलं की काम लवकर होतं.

आणि वळीव सुरू झालाय हे लक्षात ठेव. दुपारनंतर ढग दिसले की केबल सेटपासून काढून खिडकीबाहेर ठेवायची, नुसता सेट बंद करून भागत नाही. त्या वेळी कडकड जी ऐकू येते तिच्यावर कसलाच फेराइट चालत नाही, मे महिन्यात संध्याकाळी ४० मीटर असाच असतो, पहाटे बस.

येत्या रविवारी नेट संपल्यावर यागी घेऊन आम्ही दोघं-तिघं वडगावला येतो. कोरडं ऊन असेल तर दुपारी ये म्हण, पाऊस झाला असेल तर पुढच्या रविवारी.